विश्वासात उभं राहायचं म्हणजे नक्की काय करायचं?

"विश्वासात स्थिर राहा" हे वाक्य मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, इतक्यांदा कानावर पडतं की त्याचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. आजारपण आलं, काम सुटलं, घरातून विरोध झाला, की कोणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगतं, "स्थिर राहा, प्रार्थना करा, वचन वाचा." सल्ला बरोबर आहे. पण ज्याला तो मिळतो त्याची अडचण बहुधा निराळीच असते. प्रार्थनेला बसलं की दोन मिनिटांत त्याला भलतंच काहीतरी आठवतं, बायबल उघडलं की डोळे मिटायला लागतात, आणि मग वाटतं, आपला विश्वासच कच्चा. ज्यांचा आधार घ्यायचा त्याच दोन गोष्टींची परीक्षा होऊन बसते आणि दोन्ही विषयांत नापास!

माझंही बरीच वर्षं असंच चाललं होतं. सकाळची प्रार्थना चुकली की दिवसभर हजेरीपटावर लाल शेरा बसल्यासारखं वाटायचं. फार उशिरा लक्षात आलं की घोळ 'स्थिर' या शब्दापासूनच सुरू होतो. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पौलाने 'उभे राहा' कुठून लिहिलं

विश्वासात उभं राहण्याबद्दलचा सगळ्यात ओळखीचा उतारा म्हणजे प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय. देवाची शस्त्रसामग्री धारण करा, सत्याने कंबर कसा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. लहान मुलांना हा उतारा शिकवताना पुठ्ठ्याची ढाल-तलवार करतात, त्यामुळे आपल्या डोक्यात तो चढाईचा उतारा म्हणून बसलेला असतो. पण 11 ते 14 या चार ओव्यांत (ओवी म्हणजे अध्यायातलं क्रमांक घातलेलं वचन) मूळ ग्रीकमध्ये 'उभं राहणं' या एकाच क्रियापदाची रूपं चारदा येतात. पुढे धाव, किल्ला घे, शत्रूचा पाठलाग कर, असं काही नाही. आहे ती जागा सोडू नका, एवढंच मागणं आहे. आणि लिहिणारा कुठे आहे? विसाव्या ओवीत तो स्वतःला साखळदंडातला राजदूत म्हणवतो. ज्याला उठून दोन पावलंही मोकळेपणी टाकता येत नव्हती, तो माणूस दुसऱ्यांना उभे राहा असं लिहितोय. तेव्हा इथलं उभं राहणं परिस्थिती हातात असण्यावर अवलंबून नाही, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट, ही शस्त्रं कोणाची? यशयाच्या 59व्या अध्यायात परमेश्वर स्वतः नीतिमत्त्व उरस्त्राणासारखं घालतो, तारणाचं शिरस्त्राण मस्तकी चढवतो. पौलाने ते चित्र तिथून घेतलं आहे. म्हणजे 'देवाची शस्त्रसामग्री' याचा अर्थ देवाने दिलेली असा तर आहेच, शिवाय देवाची स्वतःची, त्याच्या अंगावरची, असाही आहे. आपल्याला ती घडवायची नाही, अंगावर घ्यायची आहे. स्वतःचा विश्वास ताणूनताणून मोठा करण्यात दमलेल्या माणसाला हा फरक कळला की त्याचा जीव निम्मा हलका होतो.

तिसरी गोष्ट मराठीत वाचताना हमखास निसटते. 'तुम्ही उभे राहा' हे आपण आदरार्थी वाचतो, जणू पौल मला एकट्याला अहो-जाहो करतोय. मुळात ते साधं अनेकवचन आहे. सगळ्या मंडळीला मिळून सांगितलेलं आहे. ढालीसाठी वापरलेला ग्रीक शब्द 'दार' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, म्हणजे ती हातात मिरवायची वाटोळी ढाल नाही, उंच, दारासारखी ढाल आहे. रोमी शिपाई या ढाली एकमेकांना भिडवून उभे राहत आणि शेजाऱ्याच्या ढालीने आपली बाजू झाकली जाई. एकट्याने धरलेली अशी ढाल जड होते आणि बाजू उघड्याच राहतात.

शस्त्रांची यादी संपते तिथेच, त्याच दमात, पौल लिहितो की सर्व प्रसंगी आत्म्यात प्रार्थना करा. तलवार म्हणजे देवाचं वचन, आणि लगेच प्रार्थना. वचन आणि प्रार्थना यांची सांगड ही अशी एका वाक्यातली आहे.

पेत्र पडला, तरी

स्थिर राहणं म्हणजे कधी न डगमगणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट सावकाश वाचावी.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू त्याला म्हणतो की सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायची मागणी केली आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. (लूक 22:31-32.) इथे मराठी आपल्या मदतीला येते. 'तुम्हाला' आणि 'तुझ्यासाठी' हा फरक मूळ ग्रीकमध्ये आहे आणि मराठीत तो जसाच्या तसा उतरतो. चाळणीत सगळे शिष्य आहेत, प्रार्थना मात्र नाव घेऊन, एकासाठी. पेत्र ताडकन म्हणतो, मी तुरुंगात जायला, मरायलाही तयार आहे. त्याच्या भावनेत खोट नव्हती. थोड्याच वेळात गेथशेमाने बागेत येशू त्याला आणि आणखी दोघांना सांगतो, "जागृत राहा व प्रार्थना करा." ते झोपतात. तो परत येऊन उठवतो, ते पुन्हा झोपतात. तिसऱ्यांदाही तेच. आणि पहाटे कोंबडा आरवण्याआधी पेत्र तीनदा म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही.

मग येशूची विनंती फुकट गेली का? पेत्राचं धैर्य ढळलं, शब्द ढळला, इभ्रत गेली. विश्वास मात्र ढळला नाही. तो बाहेर जाऊन रडला, आणि परत आला. येशू पुढे हेही म्हणाला होता, "तू वळलास म्हणजे तुझ्या भावांस स्थिर कर." वळलास, म्हणजे आधी भरकटणार हे त्यात धरलेलंच आहे. पुढे पेत्राच्या नावाच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो म्हणून सावध असा, जागे राहा, विश्वासात दृढ राहून त्याला तोंड द्या, असं लिहिलेलं आढळतं. 'जागे राहा' यासाठी तिथे जे ग्रीक क्रियापद आहे तेच गेथशेमानेत होतं. झोपलेल्या माणसाने हा शब्द लिहिताना ती रात्र आठवली नसेल असं मला वाटत नाही.

म्हणून ख्रिस्ती भाषेत 'स्थिर' याचा अर्थ मी असा लावतो: पडलो तरी ज्याच्याकडे वळायचं ते ठिकाण न बदलणं. मुलगा आजारी असलेल्या बापाचं मार्काच्या नवव्या अध्यायातलं वाक्य याच जातीचं आहे. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला.

वचन तोंडपाठ सैतानालाही असतं

आता शास्त्राकडे येऊ. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे की ओव्या पाठ असल्या म्हणजे झालं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूची अरण्यात परीक्षा होते. तिन्ही वेळा तो शास्त्रातूनच उत्तर देतो, आणि तिन्ही उत्तरं बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या एकाच पुस्तकातली आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. मनुष्य केवळ भाकरीने जगणार नाही, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको, त्यालाच नमन कर. हे अध्याय इस्राएल लोकांच्या अरण्यातल्या चाळीस वर्षांबद्दल आहेत, जिथे ते भाकरीसाठी कुरकुरले होते. म्हणजे येशूने हाताला लागतील ती सुटी वाक्यं फेकली नाहीत. आपण कोणत्या गोष्टीत उभे आहोत ते त्याला ठाऊक होतं आणि त्या गोष्टीचं नेमकं पान त्याने उघडलं.

मधल्या प्रसंगात मात्र सैतानच शास्त्र सांगतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, कारण तुझ्या पायाला धोंड्याची ठेच लागू नये म्हणून देवदूत तुला झेलतील असं लिहिलं आहे. हे 91वं स्तोत्र, शब्द त्यातलेच. चूक अशी की भरवसा ठेवणाऱ्याला दिलेलं अभिवचन त्याने देवाला कोंडीत पकडण्यासाठी वापरलं. येशूचं उत्तर "असाही शास्त्रलेख आहे" असं सुरू होतं. त्या 'असाही' शब्दात बायबल वाचायची अर्धी रीत आली. एक ओवी दुसऱ्या ओवीच्या उजेडात वाचायची.

याचं रोजच्या वापरातलं उदाहरण यिर्मया 29:11. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भविष्य आणि आशा देण्याचे आहेत. भेटकार्डांवर, परीक्षेच्या शुभेच्छांत, लग्नपत्रिकांवर ही ओवी दिसते. तिची गोष्ट अशी. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमचा राजा आणि असंख्य लोक बाबेलला धरून नेले गेले. हनन्या नावाचा संदेष्टा उठून सांगू लागला की घाबरू नका, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने त्या बंदिवानांना पत्र पाठवलं: घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण सुटका सत्तर वर्षांनी आहे. हे दहाव्या ओवीत. त्याच्या लगेच नंतर ती अकरावी. पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण ती सुटका पाहायला जिवंत राहणार नव्हते.

हे कळल्यावर ओवी कमजोर होते का? माझ्या मते उलट होतं. दोन वर्षांच्या हिशोबाने पकडलेला विश्वास तिसऱ्या वर्षी कोसळतो. सत्तर वर्षांचं ऐकून ज्याने बाग लावली त्याला कोसळायला कारण उरत नाही. म्हणून ओवी आवडली की तिच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा ओव्या वाचायच्या, एवढी एक सवय पुष्कळ घसरणी टाळते. तसेही हे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, स्टीफन लँग्टन यांची मानली जाते, आणि नव्या करारातल्या ओव्यांचे क्रमांक रॉबेर एतिएन या मुद्रकाने 1551 मध्ये छापले. ते पत्ता सापडावा म्हणून आहेत. वाक्याचा तुकडा पाडायला नाहीत.

वाचायचं किती, हा प्रश्न नेहमी येतो. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1,189 अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार अध्याय वाचले की वर्षात एक पारायण होतं. कॅथोलिक बायबलमध्ये पुस्तकं 73, त्यामुळे थोडं जास्त. ही योजना चांगली आहे, पण नवख्या माणसाला मी ती सुचवत नाही. माझी गाडी दोनदा लेवीय पुस्तकातल्या होमबलींच्या तपशिलात रुतली आणि दोन्ही वेळा मी सगळंच वाचन सोडून दिलं. त्यापेक्षा मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत, दीड-दोन तासांत वाचून होतं. एकदा सलग वाचा, मग रोज थोडं थोडं पुन्हा.

पुटपुटणं

पहिल्या स्तोत्रात धन्य माणसाचं वर्णन आहे. तो परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. मनन म्हटलं की आपल्यासमोर डोळे मिटून शांत बसलेला कोणी येतो. मूळ हिब्रू शब्द 'हागा' असा आहे आणि त्याचा अर्थ आवाजाशी जोडलेला आहे: पुटपुटणं, गुणगुणणं. यशयाच्या 31व्या अध्यायात हाच शब्द शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आला आहे. डोळ्यांपुढे आणा. सिंह शिकार धरून बसलाय, सोडत नाही, चघळतोय, घशातून बारीक आवाज चाललाय. मनन म्हणजे ते. पेत्राच्या पत्रात सिंह सैतानाच्या बाजूला आहे, इथे मात्र वचन धरून बसलेला माणूसच सिंहासारखा, ही गंमत मला फार आवडते.

करायचं कसं? एक वाक्य घ्या. अर्ध्या आवाजात म्हणा. प्रत्येक शब्दावर एकेकदा जोर देऊन म्हणा. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे वाक्य 'परमेश्वर'वर जोर देऊन म्हटलं तर एक गोष्ट सांगतं, 'माझा'वर दिला तर दुसरी. दिवसभर कामाच्या फटींत ते परत म्हणा. दीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने 1935 पासून फिंकनवाल्डे इथे भावी पाळकांचं छोटं विद्यालय चालवलं. हिटलरला विरोध करणाऱ्या मंडळीचं ते विद्यालय होतं. तिथे रोज सकाळी अर्धा तास शांततेत एकाच छोट्या उताऱ्यावर मनन असे, आणि तोच उतारा आठवडाभर. विद्यार्थी कुरकुरले, तिसऱ्या दिवशी काय करायचं ते सुचेना. तरी त्याने ते सोडलं नाही. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, विद्यालय बंद पाडलं. पुढे 1943 मध्ये बोनहोफर तुरुंगात गेला तेव्हा रोज स्तोत्रं वाचायची त्याची जुनी सवय त्याच्यासोबत कोठडीत आली. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं. जवळ पुस्तक नसलं तरी आत काहीतरी असावं, ते आधीच आत भरून ठेवावं लागतं, हे त्याच्या उदाहरणावरून दिसतं.

न्हाव्याला लिहिलेलं पत्र

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला त्याच्या न्हाव्याने, पेटरने, विचारलं की प्रार्थना कशी करायची. ल्यूथरने 1535 मध्ये त्याला उत्तरादाखल एक छोटी पुस्तिकाच लिहून दिली. त्यातल्या दोन गोष्टी आजही वापरता येतात. एक म्हणजे टाळाटाळीबद्दलचा इशारा. 'थांब, तासाभराने प्रार्थना करतो, आधी हे एक काम उरकून घेतो' या विचारापासून सांभाळ, कारण एकातून दुसरं काम निघतं आणि दिवस संपतो. दुसरी, चार पदरांची माळ. कोणतीही आज्ञा किंवा ओळ घ्यायची आणि तिला चार बाजूंनी पाहायचं. यात मला काय शिकायचं आहे, कशाबद्दल आभार मानायचे आहेत, कोणती चूक कबूल करायची आहे, आणि काय मागायचं आहे. इथे वाचन संपलं कुठे आणि प्रार्थना सुरू झाली कुठे ते सांगता येत नाही, आणि तसंच व्हायला हवं. मन भरकटतं त्यावर ल्यूथर न्हाव्याच्याच धंद्यातला दाखला देतो: वस्तरा हातात असताना गप्पांत रमलेला न्हावी गिऱ्हाइकाचं नाक कापेल, नाहीतर गळा.

गोष्ट इथे थांबवली तर गोड होईल, पण खरी होणार नाही. त्याच वर्षी या पेटरच्या हातून त्याच्या जावयाचा सुरीने जीव गेला. ल्यूथरने त्याच्यासाठी शब्द टाकला, शिक्षा हद्दपारीवर निभावली. प्रार्थनेची ही प्रसिद्ध पुस्तिका ज्याला लिहिली त्याचं हे झालं. प्रार्थना ही घसरण्याविरुद्ध टोचून घ्यायची लस नाही, आणि तसा दावा बायबलही करत नाही.

उत्तर 'नाही' आलं तर

गेथशेमानेत येशूने मागितलं की हा प्याला माझ्यापासून दूर होवो, आणि पुन्हा जाऊन तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, असं मार्क आणि मत्तय दोघंही नोंदवतात. तेच तेच मागणं हे अविश्वासाचं लक्षण आहे असं कोणी म्हटलं तर हा उतारा दाखवावा. प्याला टळला नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, उत्तर आलं: "माझी कृपा तुला पुरे आहे." प्रार्थनेला उत्तर मिळालं नाही म्हणजे विश्वास कमी पडला, हे गणित या दोन उताऱ्यांपुढे टिकत नाही. ते ऐकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण आधीच दुःखात असलेल्या माणसावर ते अपराधाचं ओझंही टाकतात.

कधी कधी उत्तरही नसतं आणि जाणीवही नसते. मदर तेरेसा 1997 मध्ये गेल्या, आणि 2007 मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला. कित्येक दशकं त्यांना आत देवाचा काही स्पर्श जाणवत नव्हता, नुसता अंधार होता. प्रार्थनेची वेळ मात्र त्यांनी सोडली नाही, आणि कामही. स्तोत्रसंहितेला हा अंधार अनोळखी नाही. 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं सगळ्या प्रकारांत जास्त आहेत, आणि 88वं तर अंधाराच्या उल्लेखावरच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. ते कोणी गाळलं नाही. उपासनेच्या पुस्तकात ते तसंच राहू दिलं, म्हणजे असं बोलायला परवानगी आहे. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेलं "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हेही 22व्या स्तोत्राचंच पहिलं वाक्य. स्वतःचे शब्द संपले तेव्हा त्याने लहानपणापासून ऐकलेले शब्द उचलले.

इथे थोडं विषय सोडून, पण सांगायलाच हवं. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, जगू नये असं वाटायला लागलेलं, अशा माणसाला नुसतं 'स्थिर राहा' म्हणू नये. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवाने आधी त्याला झोपू दिलं, भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. बोलणं त्यानंतर. (1 राजे 19.) पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. डॉक्टरकडे जाणं ही विश्वासातली खोट नाही. आणि घरात मार खाणाऱ्या बाईला स्थिर राहा सांगून परत धाडणं हे तर शास्त्राचा आधार घेऊन केलेलं पाप आहे.

हात धरणारे दोघे

कुलुस्सैकरांस पत्राच्या शेवटी एपफ्रास नावाच्या माणसाचा उल्लेख आहे. तुम्ही स्थिर उभे राहावं म्हणून तो प्रार्थनेत तुमच्यासाठी झुंजतोय, असं पौल लिहितो. तुमचं उभं राहणं, झुंज दुसऱ्याची. निर्गमच्या 17व्या अध्यायात अमालेकी लोकांशी लढाई चाललेली असते आणि मोशे टेकडीवर हात वर करून उभा असतो. हात जड होतात, खाली येतात. मग अहरोन आणि हूर त्याला बसायला धोंडा देतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवतात. मोशेला कोणी म्हटलं नाही की तू नेता, तुझे हात कसे दमले?

म्हणून ज्याला सध्या प्रार्थना जमतच नाही त्याला मी एकच सांगतो, दोन माणसं शोधा आणि त्यांना खरं काय ते सांगा. सगळ्या मंडळीपुढे साक्ष देत बसायची गरज नाही. दोघं पुरेत.

दहा मिनिटांचं 13वं स्तोत्र

आता प्रत्यक्ष करून पाहू. 13वं स्तोत्र उघडा. सहाच ओव्या आहेत. आधी एकदा मोठ्याने वाचा.

पहिल्या दोन ओव्यांत एकच प्रश्न चारदा येतो: कुठवर? परमेश्वरा, कुठवर मला विसरणार, कुठवर मुख लपवणार, कुठवर मी जिवात काळजी वाहू, कुठवर वैरी माझ्यावर शिरजोर राहणार? इथे थांबा आणि तुमचं स्वतःचं 'कुठवर' म्हणा. नाव घेऊन म्हणा. कुठवर हे कर्ज, कुठवर हे दुखणं, कुठवर मुलगा बोलणार नाही. गोड शब्द शोधू नका, दाविदाच्या नावाच्या या स्तोत्रात ते नाहीत. एक बारकावा पाहा. देव आपल्याला विसरलाय ही तक्रार तो देवाकडेच करतोय. पाठ फिरवून बडबडलेली कुरकुर आणि तोंडावर केलेली तक्रार यातल्या दुसरीला शास्त्रात प्रार्थना म्हणतात.

तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणं आहे. माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज आण. दुःखाने विझलेले डोळे तुम्ही पाहिले असतील, आरशातही पाहिले असतील. तेवढंच मागा. आणि 'परमेश्वरा' वरून तो इथे 'माझ्या देवा' वर आलाय, तेही बघून ठेवा.

चौथी ओवी संपते आणि पाचवी 'मी तर' अशी उलटी फिरते: मी तर तुझ्या दयेवर भाव ठेवला आहे. चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मध्ये काय घडलं? काहीच नाही. वैरी तिथेच आहे, कर्ज तेवढंच आहे, कोणी देवदूत आला नाही. 'दया' असं ज्याचं भाषांतर केलं आहे तो हिब्रू शब्द 'हेसेद', म्हणजे दिलेला शब्द न मोडणारी माया. बोट त्याच्यावर ठेवलेलं आहे, भावनेवर नाही. हे वाक्य तुम्हाला मनापासून म्हणता येत नसेल तर दाविदाचं म्हणून म्हणा, त्याच्या मागून, शाळेत बाईंच्या मागून म्हणतात तसं.

सहावी ओवी गाण्याची आहे. आज ती जमली नाही तर तिथेच खूण घालून पुस्तक मिटा. उद्या पुन्हा पहिल्या 'कुठवर'पासून सुरू करायचं आहे.